मामे न्यार्कोआची तसबीर

प्रत्येकानं एकच फोटो द्यायचा असा प्रदर्शनाचा नियम नसता, तर अराबा एसिल्फीच्या घरात त्या आठवड्यात जेवणं तरी सुखानं झाली असती.

केप कोस्ट शहरात दरवर्षी चित्रांचं आणि फोटोंचं प्रदर्शन भरायचं. अराबानं आजवर तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एत्सिआनोच्या बाजाराच्या तोंडाशी तिचं फोटोचं दुकान होतं. ओळखपत्राचे फोटो, लग्नं, बारशी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मयताचे फलक. गावात कुणी गेलं की घरची माणसं आधी शवपेटीसाठी सुताराकडे जायची आणि तिथून तडक अराबाकडे. मोठा रंगीत फलक, त्यावर गेलेल्या माणसाचा दागिने घातलेला प्रसन्न चेहरा, खाली लेकरानातवंडांची नावं. गावातल्या निम्म्या भिंतींवर तिच्या हातचे चेहरे उन्हात विटत होते. या कामाला तिनं कधी कला म्हटलं नव्हतं. पण यंदा प्रदर्शनाचा विषय होता ‘आपल्या किनाऱ्यावरचे पुतळे’, आणि पुतळ्यांना एत्सिआनोत काही तोटा नव्हता.

गावातल्या पथकांना नावं नव्हती, पहिलं, दुसरं असे क्रमांक होते; जितकी पथकं तितकी ठाणी. पूर्वी ही पथकं लढाईला जायची, आता सणाला झेंडे नाचवतात आणि कुणी समुद्रात बेपत्ता झालं तर शोधायला बाहेर पडतात. प्रत्येक पथकानं आपल्या ठाण्यावर सिमेंटचे रंगवलेले पुतळे उभे केलेले, इतर पथकांच्या नाकावर टिच्चून. बापाचं जे पथक तेच लेकरांचं. लग्नानं त्यात काही बदलत नाही. म्हणून अराबा जन्मानं दुसऱ्या पथकाची, आणि तिचा नवरा क्वामेना पाचव्या पथकाचा, तोही साधासुधा नव्हे तर पाचव्याचा झेंडा नाचवणारा. इतकी वर्षं संसार नीट चालला, कारण सणाच्या दिवसांत दोघं एकमेकांशी कमी बोलायची.

अराबानं निवडून काढलेल्या फोटोंत एक होता दुसऱ्या पथकाचा सिंह आणि एक पाचव्या पथकाचं जहाज. दोन्ही छापून तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवले होते.

“सिंह?” क्वामेनानं फोटो हातात घेऊन लांब धरला. “याला सिंह म्हणतात? पोटभर मक्याचं बांकू खाऊन सावलीत लवंडलेला कुत्रा आहे हा.”

“आणि तुमचं जहाज? शिडं कुठायत त्याची?”

“वाऱ्यानं गेली.”

“सिमेंटची शिडं वाऱ्यानं गेली?”

“तू तेव्हा लहान होतीस. मोठं वादळ होतं ते.” क्वामेनानं मासा काट्यापासून सोडवत शांतपणे सांगितलं. “जहाज पाठव, अराबा. त्याच्यावर तो दुर्बीणवाला कप्तान आहे. केप कोस्टच्या लोकांना दुर्बीण आवडते.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“मला माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या पथकाचे सुपी, म्हणजे प्रमुख, स्वतः तिच्या दारात उभे. सुपी एजिर म्हातारे होते, गुडघे गेलेले, पण पांढरा कपडा खांद्यावरून एकदम कडक नेसलेला. अराबानं खुर्ची पुढे केली.

“मी पाचव्याच्या घरात बसत नाही,” सुपी म्हणाले.

“खुर्ची माझ्या दुकानातली आहे, सुपी. दुसऱ्याचीच समजा.”

सुपींनी खुर्ची एकदा न्याहाळली आणि बसले. अराबानं पाणी दिलं. ते त्यांनी सावकाश संपवलं. मग त्यांनी विषय काढला.

“ऐकलं की तू जहाज पाठवतेयस.”

“कुठं ऐकलंत?”

“तुझा नवरा मासळीच्या धक्क्यावर सांगत होता. हे बघ पोरी, तुझ्या बापानं त्या सिंहासाठी समुद्रावरून डोक्यावर वाळू वाहून आणली आहे. त्याच्या घामाची वाळू आहे त्या शेपटीत. तू पाठवशील ते तुझं तू बघ. मी काही म्हणणार नाही. फक्त एवढंच म्हणतो, की तुझा बाप सगळं बघतोय.”

“म्हणजे तुम्ही म्हणालातच की.”

सुपी हसले. उठताना त्यांनी टेबलावरचा सिंहाचा फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. “चांगला आलाय. हा पिवळा रंग आम्ही गेल्या सणाला दिला. जबडा आतून लाल करायची कल्पना माझी.”

सिंहाचा फोटो खरंच चांगला आला होता. वादळ येण्याआधीचं काळं आभाळ, त्यावर तो भडक पिवळा सिंह, आणि उघड्या जबड्यात नेमकी एक चिमणी येऊन बसलेली. कुणीही बघितलं की ‘वा’ म्हणेल असा फोटो. अराबा ते जाणून होती. पण तिनं नवऱ्याला किंवा सुपींना सांगितलं नव्हतं, की तिच्याकडे तिसराही एक फोटो आहे, आणि तो दुकानातल्या खणात उपडा ठेवलाय.

तो तिनं कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत काढला होता. सकाळी लवकर ती गावाबाहेरच्या दफनभूमीत गेली होती, कारण तिथेही पुतळे होते. ज्यांना परवडायचं ते लोक आपल्या आईबापांना थडग्यावर सिमेंटमध्ये बसवायचे. कोळी वल्ह्यासकट, मास्तर पुस्तकासकट. मामे न्यार्कोआ होती तिच्या पातेल्यासकट. न्यार्कोआ म्हणजे गावातली जुनी केंकीवाली; ‘मामे’ म्हणजे आई, सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. मक्याच्या पानात गुंडाळलेले तिच्या हातचे आंबूस गोळे खायला साल्टपाँडहून ड्रायव्हर वाट वाकडी करून यायचे. ती गेल्यावर तिच्या मुलीनं, एफुवानं, हा पुतळा करवून घेतला होता. बुटक्या स्टुलावर बसलेली रुंद बाई, मांड्या फाकवलेली, पुढ्यात पातेलं, हात गुडघ्यांवर. दरवर्षी एफुवा येऊन तिला रंग द्यायची. निळा झगा, काळा चेहरा, सोनेरी कानातलं.

त्या सकाळी एफुवा तिथे होती. पुतळ्याला पांढऱ्या अस्तराचा हात देऊन झाला होता, पण अर्धाच. न्यार्कोआचा एक गाल काळा, एक पांढरा. रंगाचा डबा उघडा पडलेला, आणि एफुवा खाली जमिनीवर बसून, आईच्या सिमेंटच्या मांडीवर गाल टेकून झोपी गेलेली. ब्रश हातातच. तिचं तोंड किंचित उघडं होतं. साठीकडे झुकलेली, केंकीच्या भट्टीपुढे रापलेली ती बाई अशी झोपली होती, जशी माणसं फक्त आईच्या मांडीवर झोपतात. धुळकट ऊन दोघींवर सारखंच पडलं होतं. अराबानं श्वास रोखून एकदाच बटण दाबलं आणि पाय न वाजवता परत फिरली.

दुकानात येऊन फोटो पडद्यावर मोठा केला तेव्हा तिनं आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. इतकी वर्षं ती लोकांना ‘मान सरळ करा, हनुवटी खाली’ सांगत आली होती, आणि तिच्या हातून असं काही कधीच उतरलं नव्हतं. पुढंही उतरेल असं तिला वाटत नव्हतं.

शेवटी तिनं तो क्वामेनाला दाखवला. क्वामेनानं तो दिव्याखाली नेला. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“जहाज राहू दे,” तो म्हणाला. “हाच पाठव.”

“एफुवाला विचारायला हवं.”

“कशाला? ती कधी केप कोस्टला जाते? तिला भट्टीपासून हलता येत नाही. विचारलंस की ती नाही म्हणणार, आणि मग तुला पाठवता यायचा नाही. न विचारता पाठव, बक्षीस आण, मग सांग. बक्षीस म्हटल्यावर कोण रागावतं?”

“आणि रागावली तर?”

“तर मी जाऊन तिच्याकडची सगळी केंकी विकत घेईन आणि महिनाभर तीच खाऊ.”

अराबाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. रात्रभर तिनं स्वतःला क्वामेनाचंच म्हणणं वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं. फोटो दफनभूमीतला, दफनभूमी सगळ्यांची. पुतळा उघड्यावरचा. झोपलेल्या माणसाचं काही बिघडत नाही. एकेक मुद्दा ऐकायला बरा होता. पण तिच्या दुकानात येणारी माणसं तिला आठवत होती. आजारपणात सुकलेल्या बापाचा फोटो घेऊन यायची आणि म्हणायची, ‘अराबा, हा नको लावूस, याचा चांगला फोटो शोध, लोकांनी त्याला असं बघायला नको.’ आणि ती शोधून द्यायची. मेलेल्यांसाठी जे करत आली, ते जिवंत एफुवासाठी न करायचं म्हणजे काय?

सकाळी फोटो पाकिटात घालून ती एफुवाच्या अंगणात गेली. पातेली उकळत होती, वाफेचा आंबूस वास गल्लीपर्यंत आला होता. एफुवा लाकडी घोटण्यानं पीठ ढवळत होती.

“अराबा! तुला आज सकाळीच भूक लागली?”

“भुकेला नाही आले. काहीतरी दाखवायचंय.”

“दाखव की. माझे हात घाण आहेत, तूच धर.”

अराबानं फोटो तिच्यासमोर धरला. एफुवाचा घोटणा थांबला. पातेल्यातले बुडबुडे फुटत राहिले.

“ही खालची म्हातारी कोण?” एफुवा म्हणाली.

“तू.”

“वर आई आहे हे कळलं. मला वाटलं, खाली कुणी मरून पडलंय.” एफुवानं कपड्याला हात पुसून फोटो स्वतःच्या हातात घेतला. अगदी जवळून पाहिला. “हे तू कधी काढलंस?”

“तू झोपली होतीस. मी उठवलं नाही.”

“हो, उठवलं नाहीस. फोटो मात्र काढलास.”

अराबानं रिकामं पाकीट बाजूला ठेवलं. मग तिनं प्रदर्शनाचं सगळं सांगितलं. केप कोस्ट, एकच फोटो, आणि हा तिनं आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे, हेही. एफुवानं ऐकून घेतलं आणि फोटो परत पाकिटात घातला.

“नाही,” ती म्हणाली.

“आईचा अर्धा चेहरा रंगवायचा राहिलाय म्हणून का?”

“ते तर आहेच. आईला असं अर्धवट बघितलेलं आवडलं नसतं. घरात पाहुणा आला तरी डोक्याला फडकं बांधल्याशिवाय बाहेर यायची नाही ती.” एफुवानं आजूबाजूला पाहिलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तरी तिनं आवाज उतरवला. “मी नव्या प्रार्थनामंडळीत जाते हे तुला माहीत आहे ना? पुलापलीकडच्या शेडमधल्या?”

“माहीत आहे.”

“पास्टर म्हणाले, सिमेंटच्या बाईला नवे कपडे चढवणं ही मूर्तिपूजा आहे. चांगला माणूस आहे तो, अराबा. माझ्या गुडघ्याचं दुखणं त्याच्या प्रार्थनेनं उतरलं. मी त्याला शब्द दिला, की आता रंग द्यायचा नाही. आणि त्या दिवशी मी आईला तेच सांगायला गेले होते. रंग घेऊन गेले, कारण रिकाम्या हातानं जाववेना. एकीकडे ब्रश फिरवत होते आणि एकीकडे तिला सांगत होते, की आई, हे शेवटचं. तिची समजूत काढता काढता मी थकले आणि झोपले.” ती पुन्हा ढवळायला लागली. “जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि डब्यातला रंग वाळला होता. ती अजून तशीच बसलीय, एक गाल पांढरा. गावाला वाटत असेल एफुवा आळशी झाली.”

अराबानं पाकिटाकडे पाहिलं. ज्या झोपेला ती इतके दिवस सुख समजत होती, ती अशी होती तर.

“म्हणून नाही म्हणते,” एफुवा म्हणाली. “ते माझं आणि तिचं बोलणं होतं.”

“बरं. नाही पाठवत.”

“मशीनमध्ये अजून आहे?”

“आहे. तू म्हणशील तर तुझ्यादेखत पुसून टाकते.”

एफुवानं घोटणा पातेल्याच्या काठावर आपटला आणि विचार केला. “पुसू नकोस. मी मेले की माझ्या फलकावर लाव. तेव्हा पास्टर माझं काय करणार?” आणि ती एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारची कोंबडी कुंपणावरून उडाली. “आता दोन गोळे घेऊन जा. क्वामेनाला सांग, मासा ताजा घे, नाहीतर माझ्या केंकीचं नाव खराब होतं.”

अराबा परत आली ती सिंह पाठवायचा असं ठरवून. मन खट्टू झालं होतं, पण विचारून आली म्हणून पाय हलके पडत होते. क्वामेनाला तिनं सगळं सांगितलं नाही. ‘नाही म्हणाली’ एवढंच सांगितलं. त्यानं लगेच जहाजाचा फोटो पुन्हा टेबलावर आणून ठेवला.

प्रदर्शनाला फोटो द्यायची मुदत जवळ आली असताना एक दिवस दुपारी एफुवा दुकानात आली. दुकानात ती यापूर्वी आली होती ती आईच्या फलकासाठीच. ओळखपत्राच्या फोटोसाठी ठेवलेल्या पडद्यापुढे ती जरा वेळ उगाच उभी राहिली.

“अराबा, सिमेंट किती टिकतं गं?”

“रंगाशिवाय?”

“रंगाशिवाय.”

“इथल्या खाऱ्या हवेत? आधी नाक जाईल. बोटं जातील. पथकाच्या ठाण्यावर बघतेसच ना तू.”

एफुवानं मान हलवली. “मी तिचं काम अर्धवट सोडलंय ना, त्यानं मला झोप लागत नाही. शब्द दिलाय तो दिलाय. पण अर्धं सोडायचा शब्द नव्हता दिला मी. मी उद्या जाते आणि पूर्ण करते. चेहरा, कानातलं, सगळं. तू ये आणि तिचा नीट फोटो काढ. पुढं तिचं नाक गेलं तरी माझ्याकडे काही असेल. माझा नको. तिचाच.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. एफुवा रंगवत होती आणि अराबा डबे धरून उभी होती. अराबाच्या दोन्ही तळव्यांना निळा रंग लागला. एफुवा या वेळी आईशी काही बोलली नाही. ती फक्त काम करत होती, केंकी गुंडाळावी तसं, न थांबता. आधी चेहरा घेतला. गाल सारखे झाले. डोळ्यांच्या बाहुल्या करायला तिनं बारीक ब्रश घेतला आणि दुसऱ्या हातानं मनगट धरून दोन्ही बाहुल्या पुऱ्या केल्या. मग झगा निळा झाला, आणि ती मागं सरली.

अराबानं कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं बाजूनं बघितलं, खाली बसून बघितलं, झाडाच्या फांदीआडून बघितलं. सिंहासारखं काहीतरी सापडतंय का ते शोधत होती. चिमणी आली नाही. आभाळ साधं पांढुरकं होतं. शेवटी तिनं सगळे उद्योग सोडले आणि पुतळ्यासमोर, नेमकी समोर, जशी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभी राहते तशी उभी राहिली. आणि सवयीनं तोंडून निघून गेलं,

“मामे, हनुवटी जरा खाली. इकडे बघा. हां, श्वास रोखा.”

मागून एफुवा फिस्सकन हसली. “तिनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तुझं ऐकणार?”

“ऐकतेय की. बघ, अजिबात हलत नाहीये.”

एफुवा हसता हसता खाली बसली. तेवढ्यात अराबानं बटण दाबलं.

रात्री टेबलावर सिंह, जहाज आणि न्यार्कोआ शेजारी शेजारी मांडून ती बसली. क्वामेना खुर्ची ओढून समोर आला.

“हा ओळखपत्राचा फोटो आहे,” न्यार्कोआकडे बोट करून तो म्हणाला. “पुतळ्याच्या ओळखपत्राचा. तिला पासपोर्ट काढायचाय का?”

“हो, तसाच दिसतो.”

“मग सिंह पाठव. बघ, मी स्वतः म्हणतोय. पाचव्या पथकाचा माणूस तुला सिंह पाठव म्हणतोय. धक्क्यावर कुणाला सांगू नकोस.”

तो बरोबर बोलत होता हे अराबाला पटत होतं. सिंह बघणाऱ्याला थांबवेल. न्यार्कोआ थांबवणार नाही. ती फक्त समोर बसली होती, सरळ बघत, दोन्ही हात गुडघ्यांवर, नव्या रंगात, जणू कुणीतरी येऊन ‘दोन दे’ म्हणायची वाट बघतेय. पण सिंहाच्या फोटोत जे चांगलं होतं ते आभाळाचं आणि चिमणीचं होतं. आणि एफुवाच्या झोपेचा तो फोटो एफुवाचा होता. हा एकच असा होता जो अराबानं तिला येत होतं ते सगळं लावून काढला होता. माणसाला समोर बसवायचं, त्याच्याशी चार शब्द बोलायचे, आणि तो आपल्याकडे बघतो तेव्हा त्याला घ्यायचं. हेच काम तिनं जन्मभर केलं होतं. दुसरं तिला येत नव्हतं, आणि त्याची लाज का वाटावी हेही तिला त्या क्षणी समजेना.

“न्यार्कोआ पाठवते,” ती म्हणाली.

क्वामेनानं दोन्ही हात वर केले. “सुपींना तू सांग.”

पाठवण्याआधी ती एफुवाकडे पुन्हा जाऊन आली. या वेळी एफुवानं फोटो लगेच हातात घेतला, आरशात बघावं तसा बघितला आणि म्हणाली, “पाठव. हिला जायला आवडेल. आयुष्यात कधी केप कोस्टच्या पुढं गेली नाही ती, पण केप कोस्टला जायची म्हणजे नवा झगा घालून. पण खाली नुसतं ‘पुतळा’ लिहू नकोस. नाव लिही.”

“आणि पास्टर?”

“रंग द्यायचा नाही एवढाच शब्द दिलाय. फोटोचं काही ठरलेलं नाही.”

प्रदर्शन किल्ल्याजवळच्या जुन्या सभागृहात भरलं. बक्षीस एका तरुण मुलाला मिळालं. त्यानं भरतीच्या पाण्यात उभा असलेला कुठल्यातरी जुन्या गोऱ्या साहेबाचा पुतळा टिपला होता. फोटो उत्तम होता, अराबानं तो दोनदा जाऊन पाहिला. तिचा फोटो मागच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला लावला होता. खाली लिहिलं होतं, ‘मामे न्यार्कोआ, केंकीवाली, एत्सिआनो’. बरेचसे लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जात. सुपी एजिर आले नाहीत, पण त्यांनी निरोप धाडला की पाचव्याचं जहाज न पाठवल्याबद्दल दुसरं पथक अराबाचं आभारी आहे. क्वामेनानं तो निरोप तिला शब्दन्‌शब्द सांगितला आणि वर आपल्या पदरचं बरंच काही घातलं.

शेवटच्या दिवशी एफुवा आली. भट्टी बहिणीच्या सुनेवर सोपवून, प्रार्थनेला घालायची हिरवी कापडं नेसून, डोक्याला फडकं बांधून. अराबा तिला मागच्या भिंतीकडे घेऊन गेली. एफुवा फोटोसमोर उभी राहिली आणि तिनं पहिली गोष्ट काय म्हणावी?

“डावं कानातलं वाकडं काढलंय मी.”

“मला नव्हतं दिसलं.”

“तुला कसं दिसणार. आईला दिसलं असेल.”

ती जवळ गेली, लांब गेली, पुन्हा जवळ गेली. खोलीत गर्दी नव्हती. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता. एफुवाचा चेहरा अराबाला नीट वाचता येत नव्हता. तिला वाटलं, बाई रडेल, आणि रडली तर काय करायचं ते ठरवत ती पिशवीतला रुमाल चाचपत होती. पण एफुवा रडली नाही. ती भिंतीपाशी ठेवलेल्या बाकावर पाय पसरून बसली, सकाळपासून उभी असल्यासारखी.

तेवढ्यात एक परगावची बाई, पाठीवर बाळ बांधलेली, भिंतीभिंतीनं चालत आली आणि न्यार्कोआसमोर थबकली. खालचं नाव वाचलं. मग फोटोकडे पाहिलं, मग बाकावरच्या एफुवाकडे, मग पुन्हा फोटोकडे.

“मावशी, ही तुमची कोण?”

“आई.”

“अगदी तुमच्यासारखी दिसते हो. आणि किती टवटवीत ठेवलीय. आमच्याकडे माझ्या आजोबांचा असाच आहे, पण कुणी बघत नाही, शेवाळ चढलंय. हिला रंग कोण देतं?”

अराबानं एफुवाकडे पाहिलं. एफुवानं डोक्यावरचं फडकं सारखं केलं. 

“मी देते,” ती म्हणाली.

‘द्यायचे’ म्हणाली नाही, हे अराबाच्या कानानं टिपलं. तिनं पिशवीतला हात काढून घेतला; यात तिनं पडायचं नव्हतं. ते पास्टरचं, एफुवाचं आणि तिच्या आईचं होतं.

परगावच्या बाईनं पाठीवरचं बाळ सोडून पुढं घेतलं आणि बाकावर टेकली. कसला रंग वापरता, उन्हात टिकतो का, असं विचारू लागली. एफुवा सांगू लागली. आधी जुना रंग खरवडायचा, मग अस्तर, मग चेहरा, चेहरा सगळ्यात शेवटी नाही, आधी, कारण चेहरा झाला की बाकीचं करायला हुरूप येतो. तिथून ती आईच्या केंकीवर गेली, तिथून साल्टपाँडच्या ड्रायव्हरांवर, त्यांतला एक जण तिच्या आईला लग्नाचं विचारायला आला होता तिथपर्यंत. परगावची बाई खळखळून हसत होती.

अराबा बाहेर पायरीवर येऊन बसली. परतीच्या गाडीला वेळ होता, आणि आतलं बोलणं इतक्यात संपेल असं काही दिसत नव्हतं.